अमेरिकन पत्ते आणि मालूताईंचा डावा हात

पत्त्यांच्या टेबलाचं एक बरं असतं. तिथे किस्से सांगायला कोणी बसत नाही, खेळायला बसतं. पण उठताना बघावं तर कोणाचे किती हात झाले ते कोणालाच आठवत नसतं, आणि कोण कोणाला काय बोललं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ! आमच्या इंग्लंडातल्या, मेडनहेडच्या टेबलावर असे इतके किस्से साठलेत की माझा नवरा सुनील परवा म्हणाला, "वर्षा, आता लिहून काढ बाई. नाहीतर तू ते मलाच परत परत सांगतेस."

सांगते! कारण तो दर वेळी चुकीच्या जागी हसतो.

तर आमचं टेबल म्हणजे दर शनिवारी दुपारी तीन वाजता, चर्चच्या हॉलमागची छोटी खोली. खेळ एकच, मेंढीकोट. चार जण, समोरासमोरचे दोघं भिडू, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. ज्यांच्याकडे दश्श्या जास्त ते जिंकले, आणि दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. संपला नियम. कायमचे मेंबर चार. मी आणि सुनील, दोघंही ब्रॅकनेलला आयटीत, मूळचे नागपूरचे. तिसरे अरुणकाका. आणि चौथ्या मालूताई.

मालूताई शहात्तर वर्षांच्या, जेमतेम पाच फूट, मूळच्या मिरजेच्या, आणि डावखुऱ्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या स्वतःही तेच करतात. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "मी मालू. मी डावखुरी आहे. पत्ते उजव्या हातात धरते आणि डाव्याने टाकते. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणून घ्या. डाव सुरू झाल्यावर बोललेलं मला खपत नाही."

मी म्हटलं, "नाही हो, माझं कशाला काही असेल?"

"मग बस. पत्ते काट."

* * *

अरुणकाका आयुष्यभर पॅकेजिंग डिझाइनमध्ये होते. बिस्किटांच्या पुड्यावर अक्षरं किती जाड असावीत हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाले आणि अमेरिकन पत्त्यांच्या नादाला लागले. मुलगी न्यू जर्सीला असते. दर वर्षी तिच्याकडे जातात, आणि परत येताना नातवंडांचे फोटो कमी, पत्त्यांचे जोड जास्त आणतात.

"पत्ते बघावेत तर अमेरिकेचे!" हे त्यांचं भरतवाक्य, फक्त ते सुरुवातीलाच म्हणतात. "जोकर कोणाचा? अमेरिकेचा! कोपऱ्यात आकडा छापायची पद्धत कोणी रूढ केली? अमेरिकेने! त्याआधी लोक दोन्ही हातांनी पत्ते पसरून ठिपके मोजत बसायचे. कोपऱ्यात आकडा आला आणि एका हातात तेरा पत्ते मावायला लागले. याला म्हणतात डिझाइन!"

एकदा हीथ्रोला त्यांची बॅग उघडायला लावली. आत कपडे दोन जोडी आणि पत्ते साठ जोड! ऑफिसरने विचारलं, तुम्ही जुगार खेळता का? काका म्हणाले, नाही. मग जादूचे प्रयोग करता का? नाही. मग याचं करता काय? काका ताठ मानेने म्हणाले, "काही नाही. मी ते उघडतसुद्धा नाही."

खरं बोलल्याबद्दल पाऊण तास बसवून ठेवलं त्यांना.

हे ऐकून मालूताई म्हणाल्या, "भाऊजी, त्याचं काय चुकलं? साठ लग्नं लावायची आणि साठही बायका माहेरीच ठेवायच्या, म्हणजे संशय येणारच माणसाला!"

* * *

काका त्यांना वहिनी म्हणतात आणि त्या काकांना भाऊजी. कारण मालूताईंचे यजमान आणि अरुणकाका जानी दोस्त. यजमान गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दीर-भावजयीचं भांडण काही थांबलेलं नाही.

एकदा काका सांगत होते की अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या काही छापणाऱ्यांनी पत्त्यांतले राजे हाकलून दिले आणि त्यांच्या जागी आपले पुढारी छापले. पण लोकांना ते रुचेना. शेवटी राजेच परत आले!

मालूताईंनी पत्त्यांवरची नजरही काढली नाही. "त्यात काय नवल? सासूशी जन्मभर भांडलेली सूनच पुढे सासूच्या पाटल्या मिरवते. उतारी तुमची आहे, भाऊजी."

* * *

मालूताईंची नात नेहा कधी कधी त्यांना सोडायला येते आणि थांबते. जन्म स्लाउचा, नोकरी फिजिओथेरपिस्टची. तिचं मराठी गोड आहे, फक्त त्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग असला भेदभाव ती करत नाही. एकदा ती आजीच्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "आजी, हा बदामचा राजा आपलाच तलवार आपल्याच डोक्यात का घालते?"

झालं! काकांनी हातातले पत्तेच खाली ठेवले. असा प्रश्न म्हणजे त्यांची दिवाळी.

"बेटा, त्याच्या हातात पूर्वी कुऱ्हाड होती. उगारलेली. मग एकाने तो ठसा कोरला, दुसऱ्याने त्यावरून कोरला, तिसऱ्याने दुसऱ्याचं बघून. होता होता कुऱ्हाडीचं पातं कडेला कापलं गेलं, राहिला नुसता दांडा. पुढच्याला वाटलं, तलवारच असणार. तीही सरकत सरकत डोक्यामागे गेली. या भानगडीत बिचाऱ्याच्या मिश्यासुद्धा गेल्या! इथून ती चूक तशीच अमेरिकेला गेली, आणि त्यांनी ती इतकी सुंदर छापली की आता कोणी दुरुस्त करायला गेलं तर लोक मारतील."

आम्ही हसलो. मालूताई हसल्या नाहीत.

"म्हणजे एवढ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चूक उतरवली, तिला म्हणायचं डिझाइन. आणि मी सहा वर्षांची पोर, पाटीवर डाव्या हाताने 'श्री' काढला, तर ती चूक! वा रे न्याय!"

नेहाने हळूच विचारलं, "काय झाला होता, आजी?"

* * *

तर काय झालं होतं ते असं. शाळेत मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटांवर फूटपट्टी मारली. कडेने, सपाट नव्हे. घरी आईला कळलं तर आईने मास्तरांना दुवा दिला, आणि जेवताना डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेशी बांधायला सुरुवात केली. "आईचं मन वाईट नव्हतं गं," मालूताई म्हणाल्या. "तिला वाटायचं, हिचं लग्न कसं होईल? डाव्या हाताने वाढणारी सून कोण करून घेईल? वर्षभर बांधला. मग मी शिकले. उजव्याने जेवले, उजव्याने लिहिलं, अक्षर कोंबडीचे पाय. लोक म्हणायचे, पोरगी मठ्ठ आहे. मलाही तेच वाटायला लागलं."

लग्न होऊन स्लाउला आल्या. कपडे अल्टर करायच्या दुकानात काम मिळालं. दुकानाची मालकीण एक म्हातारी आयरिश बाई. मालूताई कापड कापताना धडपडायच्या, ते ती आठवडाभर बघत होती. एक दिवस काही न बोलता तिने एक कात्री समोर ठेवली. डाव्या हाताची!

"मला माहीतच नव्हतं की असं काही असतं. मी कापड घेतलं, कात्री चालवली, आणि ते सरळ कापलं गेलं. पहिल्यांदा! चोवीस वर्षांची होते मी. तिथेच काउंटरवर डोकं ठेवून रडले. तीन महिन्यांत सगळं परत डाव्या हातावर आणलं. लिहिणं, जेवणं, सगळं."

पाच वर्षांनी यजमान म्हणाले, बस झालं, परत जाऊ या मिरजेला. मालूताईंनी ती कात्री टेबलावर ठेवली. "ही मिरजेत मिळते का विचारा. मिळाली तर मी उद्या निघते."

यजमान साधा माणूस. त्यांनी खरंच मिरजेला भावाला पत्र टाकलं! महिन्याभराने भावाकडून पार्सल आलं. आत एक उत्तम, जाडजूड, उजव्या हाताची कात्री. आणि सोबत चिठ्ठी: 'वहिनींना म्हणावं, हळूहळू होईल सवय.'

पुढच्या महिन्यात त्यांनी स्लाउला घर घेतलं.

* * *

आता काकांच्या पत्त्यांकडे येते. साठ बायकांचा टोमणा त्यांना भलताच लागला होता. एका शनिवारी ते आले, आणि आमच्या डोळ्यांसमोर एका अमेरिकन जोडाचं सील फोडलं! काय पत्ते होते! गुळगुळीत, लवचीक, पिसताना नुसती फर्र फर्र. मागे निळी नक्षी, कडेला पांढरी चौकट. इस्पिकच्या एक्क्यावर तर एवढं नक्षीकाम की बघतच राहावं. काका म्हणाले, पूर्वी इंग्लंडात त्या एक्क्यावर सरकारी कराचा शिक्का असायचा, कर गेला, थाटमाट राहिला.

पत्ते वाटले. आम्ही उचलले. मालूताईंनी उजव्या हातात घेऊन पसरले आणि डोळ्यांजवळ नेले.

"काय झालं?"

"मला कोरे पत्ते आलेत."

बघतो तर काय, खरंच! डाव्या हातात पत्ते धरून पसरले की प्रत्येक पत्त्याचा वरचा डावा कोपरा दिसतो. उजव्या हातात धरून पसरले की उजवा. आम्ही आजवर खेळत होतो त्या इथल्या साध्या पत्त्यांना चारी कोपऱ्यांत आकडे होते, म्हणून कधी कळलंच नाही. या अमेरिकन पत्त्यांना आकडे दोनच. एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे. मालूताईंच्या हातात तेरा पत्ते, आणि तेरा पांढरे कोपरे!

इथे आमचे इंजिनिअर पुढे सरसावले. सुनील म्हणाला, "सोप्पं आहे. मालूताई, पत्ते उलटे धरा. खालचा आकडा वर येईल!"

त्यांनी उलटे धरले. खालचा उजवा आकडा वर आला, आणि आला तो वर डावीकडे! सुनीलने पत्ता परत फिरवला. परत डावीकडे. त्याने कागद मागवला, आकृती काढली, बाण काढले, आणि पाच मिनिटांनी मान खाली घालून म्हणाला, "हे सिमेट्रिकल आहे."

बाप्पा! वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट करणारा माणूस, आणि एक पत्ता दोनदा फिरवून थकला!

"राहू दे रे," मालूताई म्हणाल्या. "अमेरिका कशीही फिरव, डावखुऱ्याच्या वाट्याला कोरी पाटीच." आणि पर्समधून त्यांचा जुना चार कोपऱ्यांचा जोड काढून टेबलावर आपटला. "वाट!"

काका इतके खट्टू झाले की त्या दिवशी चहा न पिता गेले. कोणी डिझाइनला नावं ठेवली की ते त्यांना स्वतःच्या मुलीला नावं ठेवल्यासारखं लागतं.

* * *

मालूताईंना कोणी हाताबद्दल बोललं तर काय होतं, त्याचा हा नमुना. स्टॅनमोरला एका घरी गणपतीला गेलो होतो. आरती झाली. यजमानीण बाईंनी गर्दीत मालूताईंच्या हातात प्रसादाचं ताट दिलं, जरा फिरवा म्हणून. मालूताई फिरवू लागल्या, अर्थातच डाव्या हाताने उचलून देत.

एक ठसठशीत नथवाल्या बाई हात मागे घेऊन म्हणाल्या, "अहो, डाव्या हाताने काय देताय? देवाचा प्रसाद आहे!"

मला वाटलं, आता ताट पडतं. पण मालूताईंनी शांतपणे गणपतीकडे बोट दाखवलं. तेही डावंच!

"त्याची सोंड कुठल्या बाजूला आहे हो?"

बाईंनी बघितलं. घरोघरी असते तशीच. डावीकडे वळलेली, आणि टोक मोदकावर.

"तो डावीकडूनच खातोय. त्याला चालतं. तुम्हाला नको असेल तर राहू दे, मोदक कमीच पडतायत."

बाईंनी दोन घेतले.

* * *

आता जरा गंभीर. थेम्स व्हॅलीच्या आणि लंडनच्या मराठी मंडळींची मिळून दर वर्षी स्टॅनमोरला मेंढीकोटची स्पर्धा होते. मालूताईंचे यजमान आणि अरुणकाका भिडू म्हणून तिथे वर्षानुवर्षं खेळले, आणि मालूताईंनी वर्षानुवर्षं तिथे चहा केला. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, शंभर माणसांचा. किचनच्या खिडकीतून टेबलं दिसायची म्हणे. "यांनी चुकीचा पत्ता टाकला की मला तिथून कळायचं," त्या म्हणायच्या. "चहात साखर जास्त पडायची."

मागच्या वर्षी मी न विचारता फॉर्म भरला. भिडू: वर्षा आणि मालती. यादी आली तेव्हा त्यांनी ती प्रिंट काढून आणली आणि आपल्या नावावर दोनदा बोट फिरवलं. तेवढंच. पण मला कळलं.

आणि मग काकांचा ईमेल आला. स्पर्धेचे मुख्य आयोजक काका. आदल्या वर्षी कोणाच्या तरी घरच्या जोडात खुणा सापडल्या होत्या, म्हणून नवा नियम: स्वतःचे पत्ते आणायचे नाहीत, सगळ्या टेबलांवर मंडळाचेच. आणि मंडळाने, म्हणजे काकांनी, खास अमेरिकेहून छापून मागवले होते. पाठीवर मंडळाचं चिन्ह, कडेला पांढरी चौकट, आणि आकडे दोन कोपऱ्यांत!

शनिवारी खोलीत स्फोट झाला.

"काका, एका टेबलावर चार कोपऱ्यांचे पत्ते ठेवा ना," मी म्हटलं.

"एकाला सूट दिली की दहा जण मागतील. आणि वहिनी, हा एका दिवसाचा प्रश्न आहे. त्या दिवसापुरता हात बदला. डाव्यात धरा, उजव्याने टाका. काय बिघडतं?"

मालूताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि मी त्यांचा आवाज त्याआधी कधीच कापताना ऐकला नव्हता.

"सहाव्या वर्षी बदलला होता, भाऊजी. अठरा वर्षं लागली मला तो परत मिळवायला. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, काय बिघडतं? आता मी मेले तरी बदलणार नाही."

"मग खेळणार कशा?"

"ते मी बघीन. नाव काढायचं नाही माझं."

"वहिनी, हट्ट करू नका. नाही दिसलं तर तुमचंच हसं होईल सगळ्यांसमोर."

"होऊ दे. चहा करताना कोणी बघतही नव्हतं."

परत येताना गाडीत मी सुनीलला म्हटलं, काकांचा मला इतका राग आलाय की बस! सुनील म्हणाला, नियम म्हणून काकांचं बरोबर आहे. त्या दिवशी त्याला जेवायला कालची खिचडी मिळाली.

* * *

स्पर्धेचा दिवस. स्टॅनमोरचा हॉल, वीस टेबलं, किचनमधून चहाचा वास. पंच म्हणून सुनीलला उभं केलेलं, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचा कागद. नेहा आजीच्या खुर्चीमागे.

सुरुवातीच्या फेऱ्यांत मालूताई पत्ते उजव्या हातात धरून एकेक वर काढायच्या, ठिपके बघायच्या, परत आत ढकलायच्या. वेळ लागत होता. समोरचे लोक घड्याळं बघायला लागले. "आजी, जरा लवकर!" "ताई, हात बदलून बघा ना!" एक जण तर म्हणाला, "यांना घरी झब्बू खेळायला द्या." मला त्याच्या डोक्यात स्टीलचं पातेलं घालावंसं वाटत होतं. मालूताईंचे कान लाल झाले होते, पण त्या एकेक पत्ता वर काढून बघत राहिल्या. आणि आम्ही जिंकत गेलो. हळू, पण जिंकत गेलो!

फायनलला समोर कोण? अरुणकाका आणि त्यांचे भिडू, स्टॅनमोरचे एक डॉक्टर.

फायनलच्या आधी तक्रार झालीच. खेळ फार रेंगाळतो. सुनीलने सगळ्यांना विचारून जाहीर केलं, यापुढे पत्ता टाकायला फक्त दहा सेकंद. तो माझ्याकडे बघतही नव्हता. दहा सेकंदांत तेरा पत्त्यांचे ठिपके कोण बघणार? मी मालूताईंना म्हटलं, "आपण हरकत घेऊ या."

"बस खाली," त्या म्हणाल्या.

निकाली डाव. डॉक्टरांनी पत्ते वाटले. मालूताईंनी आपले तेरा उचलले. एकेक करून सावकाश बघितले, सगळेच्या सगळे. मग ते इकडचे तिकडे लावले आणि आपल्यासमोर टेबलावर पालथे ठेवले. ओळीने, तेरा. उजवा हात मांडीवर ठेवला.

काका म्हणाले, "वहिनी, पत्ते उचला."

"कशाला? बघितले ना एकदा."

"असं चालत नाही. पत्ते हातात धरून खेळायचं असतं!"

"नियमात आहे?"

काकांनी सुनीलकडे बघितलं. सुनीलने कागद काढला. वरपासून खालपर्यंत वाचला. उलटून वाचला. परत वाचला. आख्खा हॉल आमच्या टेबलाभोवती जमला होता.

"नाही लिहिलेलं," सुनील म्हणाला. मग घसा साफ करून, जरा मोठ्याने: "मी तीनदा वाचलं, काका. कुठेच नाही लिहिलेलं!"

उतारी झाली. हुकूम ठरला इस्पिक, म्हणजे इस्पिकचं पान बाकी कुठल्याही रंगाला मारणार. मालूताईंचा डावा हात पुढे यायचा, ओळीतला एक पत्ता उचलायचा, न बघता उलटा करून टाकायचा. दहा काय, दोन सेकंदसुद्धा नाहीत! चौकट आली की चौकट, किलवर आलं की किलवर. तिसऱ्या हाताला गर्दीतली कुजबुज बंद झाली. सातव्या हाताला किचनमधल्या बायका बाहेर आल्या. काकांच्या कपाळावर घाम. ते आपल्या हातातल्या पत्त्यांकडे बघत होते, आणि मालूताई काकांकडे.

बारा हात झाले. सहा त्यांचे, सहा आमचे. दश्श्या त्यांच्याकडे दोन, आमच्याकडे एक. बारावा हात काकांनी जिंकला होता, म्हणून शेवटची उतारी त्यांची. त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. बदामाची दश्शी! चौथी आणि शेवटची. बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आधीच पडून गेले होते. मी माझी बदामाची पंजी टाकली. डॉक्टरांनी किलवरची नव्वी.

मालूताईंसमोर एक पत्ता राहिला होता. पालथा. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"दहा सेकंद, वहिनी," काका म्हणाले.

मालूताईंनी तो पत्ता डाव्या हाताच्या एका बोटाने टेबलावरून हळूच पुढे सरकवला, थेट काकांच्या समोर.

"हा तुम्ही उलटा, भाऊजी. उजव्या हाताने."

काकांनी उलटला.

इस्पिकची दुर्री.